नवा बॉयलर, जुने पाइप

नवा गॅस बॉयलर बसवला तरी घर गरम होत नाही, ही ब्रिटनमधल्या घरांची जुनी तक्रार आहे. बॉयलर साधारण पंधरा वर्षांनी बदलला जातो. भिंतींवरचे रेडिएटर आणि फरशीखालचे पाइप मात्र त्याच्या दुप्पट-तिप्पट काळ जागेवर राहतात. नवे यंत्र त्यामुळे जवळजवळ नेहमीच आधीच्या पिढीच्या जाळ्याला जोडले जाते. त्या जाळ्यात कोणत्या काळात काय घातले गेले हे पाहिले, की बिघाडाचे कारण बहुधा सापडते. बॉयलर स्वतः दोषी असण्याचे प्रसंग त्या मानाने कमी.

पाण्याने घर गरम करण्याची कल्पना ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकातली. एंजियर मार्च पर्किन्स या अभियंत्याने १८३१ मध्ये उच्च दाबाच्या गरम पाण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि वास्तुविशारद सर जॉन सोन यांनी ती लंडनमधल्या आपल्या घरात बसवून घेतली. पण हा सारा श्रीमंतांचा आणि सार्वजनिक इमारतींचा मामला होता. सामान्य घरात दिवाणखान्यातली कोळशाची शेगडी पेटे, बाकीच्या खोल्या थंड राहत आणि उष्णतेचा मोठा भाग धुराड्यातून निघून जाई. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस विषारी धुके साचले आणि हजारो माणसे दगावली. त्यातून १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला. धुराचा कोळसा जाळण्यावर अनेक भागांत बंदी आली आणि घर उबदार ठेवण्याचा दुसरा मार्ग शोधणे भाग पडले.

तो मार्ग सुरू झाला शेगडीच्या मागूनच. शेगडीच्या पाठीमागे बिडाची किंवा तांब्याची पाण्याची पेटी बसवत. तापलेले पाणी हलके होऊन वर चढे, थंड झालेले जड पाणी खाली येई आणि पंपाविना पाणी फिरत राही. यासाठी पाइप जाड असावे लागत आणि चढ-उतार नीट साधावा लागे. आडव्या पाइपाला चुकून उलटा उतार मिळाला की तिथे हवा अडकून वहन थांबे. अशा जाळ्याला पुढे पंप आणि नवा बॉयलर जोडला, तरी काही घरांत जुना एखादा जाड फाटा तसाच राहतो. पाणी कमी रोधाच्या त्या वाटेने वळते आणि लांबचे रेडिएटर उपाशी राहतात.

पंपाने सगळे चित्र पालटले. जर्मनीत विल्हेल्म ओपलँडर यांनी १९२८ मध्ये हीटिंगच्या पाण्याला गती देणारे यंत्र तयार केले होते. ब्रिटिश घरांत पंप आणि बारीक तांब्याचे पाइप ही जोडी १९५० च्या दशकात आली. गंमत अशी की ती पुढे आणण्यात कोळशाच्या वापरावर संशोधन करणाऱ्या संस्थेचा मोठा वाटा होता, आणि तिचा खरा लाभ शेवटी गॅसने उठवला. बारीक पाइपांबरोबर एक नवे काम प्लंबरच्या गळ्यात पडले. पंपाजवळचा रेडिएटर सोप्या वाटेने जास्त पाणी ओढतो, म्हणून प्रत्येक रेडिएटरच्या परतीच्या टोकाचा व्हॉल्व्ह थोडा-थोडा आवळून सर्वांना त्यांचा वाटा द्यावा लागतो. हे काम वेळखाऊ असल्याने सर्रास टाळले जाते. जवळच्या खोल्या तापतात आणि कोपऱ्यातली निजायची खोली गार राहते, त्यामागे बहुतेक वेळा हेच असते.

इंधनाचा बदल याहून मोठा होता, पण घराच्या उबेच्या दृष्टीने तो चटकन सांगून होतो. पूर्वीचा गॅस दगडी कोळशापासून गावोगावच्या कारखान्यांत बनत असे. मुंबईतही १८६५ पासून रस्त्यांवरचे दिवे अशाच गॅसवर जळत. १९६५ मध्ये उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला. त्याची उष्णता जुन्या गॅसच्या सुमारे दुप्पट असल्याने जुने बर्नर चालेनात. १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत देशभर घरोघरी जाऊन सुमारे चार कोटी उपकरणे बदलली किंवा दुरुस्त केली गेली. गॅस मुबलक आणि स्वस्त झाला. १९७२ मध्ये जेमतेम ३७ टक्के घरांत सेंट्रल हीटिंग होते. शतक संपता संपता ते दहातल्या नऊ घरांत पोहोचले.

‘पुरेशी ऊब’ म्हणजे किती, हेही या काळात बदलले. १९६१ च्या पार्कर मॉरिस समितीने बाहेर उणे १ अंश सेल्सिअस असताना बसण्या-जेवण्याच्या जागेत १८ आणि स्वयंपाकघरात व जिन्याच्या वाटेत १३ अंश तापमान पुरेसे मानले होते. त्या हिशेबाने बसवलेल्या रेडिएटरांकडून आज घरभर २१ अंशांची अपेक्षा केली जाते. इथे कोणताही बॉयलर हरेल.

सर्वांत चिवट दुखणे मात्र पाण्यातच आहे. पोलादी रेडिएटर, तांब्याचे पाइप आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू एकत्र आले की पोलाद झिजते आणि मॅग्नेटाइट या लोखंडाच्या ऑक्साइडचा काळा, चुंबकाला चिकटणारा गाळ तयार होतो. तो जड असल्याने रेडिएटरच्या तळाशी, मधल्या भागात बसतो. अशा रेडिएटरचा वरचा भाग तापतो आणि खालचा गार राहतो. वरचा भाग गार आणि खालचा गरम असेल, तर आत हवा किंवा गंजण्यातून निघालेला हायड्रोजन साचलेला असतो. वरची किल्ली फिरवून तो सोडता येतो, फक्त त्या वेळी जवळ ज्योत नसावी. जुन्या बिडाच्या बॉयलरमधल्या वाटा रुंद असत, त्यांतून हा गाळ वर्षानुवर्षे बिनबोभाट फिरे. नव्या बॉयलरची वाट बोटभरही नसते. नव्या पंपाच्या जोराने तळाचा गाळ उचलला जातो आणि थेट तिथेच जाऊन अडकतो. जाळे न धुता बॉयलर बदलणे हा म्हणूनच खोटा काटकसरीपणा आहे. पाणी स्वच्छ करून त्यात गंजरोधक रसायन घालण्याची रीत सांगणारे ब्रिटिश मानक १९९२ मध्ये आले, आणि त्याच्या २०१९ च्या आवृत्तीने पाइपावर गाळणी बसवण्याचीही शिफारस केली.

जाळ्याला पाणी पुरवणारी पोटमाळ्यावरची छोटी टाकी काढून बंद, दाबाखालचे जाळे करण्याची पद्धत कॉम्बी बॉयलरबरोबर, म्हणजे घर आणि आंघोळीचे पाणी दोन्ही तापवणाऱ्या बॉयलरबरोबर, पसरली. टाकीच्या उंचीमुळे पूर्वी अर्ध्या बारच्या आसपास दाब असे. आता थंड अवस्थेत तो १ ते १.५ बार ठेवतात. जुने सांधे या दाबाला झिरपू लागतात, घरमालक पुन्हा पुन्हा ताजे पाणी भरतो, त्याबरोबर नवा प्राणवायू येतो आणि गंजाला खुराक मिळतो. शिवाय कॉम्बी आंघोळीचे पाणी तत्काळ तापवतो, म्हणून त्याची क्षमता २४ ते ३० किलोवॉट असते. साध्या घराला उबेसाठी बऱ्याचदा ६ ते ८ किलोवॉट पुरतात. ज्याची ज्योत फार खाली उतरत नाही असा बॉयलर मग सतत पेटतो आणि विझतो. एवढ्या क्षमतेला लागणारा गॅस आणायला जुना १५ मिलिमीटरचा पाइप अपुरा पडतो, हेही अनेकदा बसवल्यानंतर कळते.

२००५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये ज्वलनातून निघालेल्या बाष्पाचे पाणी करून त्याची उष्णता परत मिळवणारे कंडेन्सिंग बॉयलर जवळजवळ सक्तीचे झाले. परतीचे पाणी सुमारे ५५ अंशांखाली असेल तरच ही बचत होते. जुनी जाळी ८२ अंशांना पाणी सोडून ७१ ला परत घेण्याच्या हिशेबाने आखलेली होती. तेच रेडिएटर ७० आणि ५० अंशांवर चालवले, की त्यांची उष्णता एक तृतीयांशाहून अधिक घटते. रेडिएटर हाताला कोमट लागला म्हणजे बिघाड, हा समज इथे फसतो. घर हळूहळू पण पुरेसे तापत असेल, तर तो बॉयलर आपले काम नीट करतो आहे. तापतच नसेल, तर रेडिएटर मोठे करावे लागतात किंवा भिंती आणि छताचे उष्णतारोधन सुधारावे लागते.

ब्रिटनमध्ये गॅसच्या कामासाठी २००९ पासून ‘गॅस सेफ’ नोंदणी लागते. त्याआधी ती ‘कॉर्गी’ या संस्थेकडे होती. बॉयलरचे झाकण उघडणे, बर्नर किंवा गॅसचा पाइप हाताळणे हे नोंदणीकृत माणसाचेच काम. रेडिएटरमधली हवा सोडणे, दाब पाहणे आणि परतीचे व्हॉल्व्ह आवळून पाणी वाटून देणे यांना मात्र असा परवाना लागत नाही. नव्या बॉयलरवर ठपका ठेवण्याआधी घरमालकाने एवढे स्वतः करून पाहावे.