नाणेघाट ते नारायणगाव: भाव आधी कळला म्हणून भाव वाढतो का?

जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाट आहे. सातवाहनकाळी कोकणच्या बंदरांतून येणारा माल याच वाटेने वर चढून जुन्नरच्या पेठेत पोहोचे. घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीसाठी होता, असे परंपरा सांगते. जुन्नरच्या लेण्यांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे व पाण्याचे टाके दान दिल्याचा शिलालेख आहे; दात्यांत यवनही आहेत. एवढा व्यापार असूनही बंदरातला भाव घाटावर कळे तो मालाच्याच वेगाने. गोणी बैलाच्या पाठीवर येई आणि बातमी त्या बैलाबरोबर चालणाऱ्याच्या तोंडी.

बातमी मालाच्या पुष्कळ आधी पोहोचू लागली, तर काय घडते? अर्थशास्त्रज्ञांनी हे मोजून पाहिले आहे.

सर्वांत गाजलेले मोजमाप केरळच्या किनाऱ्यावरचे. १४ जानेवारी १९९७ रोजी वडकरा येथे ११ होड्यांना गिऱ्हाईक मिळाले नाही आणि मासळी फेकून द्यावी लागली. त्याच सकाळी १५ किलोमीटरच्या आतल्या दुसऱ्या बाजारांत २७ खरेदीदार मासळीविना परतत होते. पुढे २००१ पर्यंत या किनाऱ्यावर टप्प्याटप्प्याने मोबाइल सेवा आली. कोळी समुद्रातूनच भाव विचारून होडी कुठे लावायची ते ठरवू लागले. रॉबर्ट जेन्सन यांच्या २००७ च्या निबंधानुसार मासळी वाया जाणे जवळजवळ थांबले, कोळ्यांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली. या निबंधाने जगभर मोठी आशा निर्माण केली. जरा अधिकच, असे आता म्हणावे लागते.

कारण त्यापुढचा अध्याय महाराष्ट्रातला आहे. २००७ मध्येच रॉयटर्स मार्केट लाइट ही सेवा राज्यात सुरू झाली. वर्गणीदार शेतकऱ्याला बाजारभाव, हवामान आणि पीकसल्ला मोबाइलवर संदेशाने मिळे. मार्सेल फाफशां आणि बार्ट मिंटेन यांनी राज्यातील १०० गावांत तिची चाचणी घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने काही गावे निवडून तेथील शेतकऱ्यांना वर्षभर सेवा विनामूल्य दिली, उरलेल्या गावांना दिली नाही. जिल्ह्यागणिक एकेक पीक घेतले होते; पुणे जिल्ह्याच्या वाट्याला टोमॅटो आला.

२०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शेतकऱ्यांना मिळालेल्या सरासरी भावात दखल घेण्याजोगा फरक नव्हता. पावसाने होणारे नुकसान घटले नाही, पिकांचे वाणही बदलले नाहीत. काहींनी माल निराळ्या बाजारात नेला, काहींनी प्रतवारी अधिक केली. पण परिणाम अल्प. आपण संदेश पाहून निर्णय घेतले, असे शेतकरी सांगत होते, हे विशेष.

तेच यंत्र, मग फळ वेगळे का? पुणे जिल्ह्यात टोमॅटोची मोठी बाजारपेठ नारायणगाव. जुन्नर आणि आंबेगावच्या मळ्यांतून क्रेट तेथे येतात. कोळ्याची होडी त्याच्याच ताब्यात असते आणि दुसरा किनारा तासाभरावर असतो. टोमॅटो उत्पादकाने एकदा तोडणी केली की माल थांबत नाही. भाड्याचा पिकअप दूरच्या बाजारी न्यायचा, तर भाडेच भावातला फरक गिळते. आडत्याची उचल घेतली असेल, तर माल कोणाच्या गाळ्यावर जाणार हे लागवडीच्या वेळीच ठरलेले असते. शिवाय संदेशातला भाव झालेल्या लिलावाचा. उद्याची आवक किती, हे त्यात नसते. शेजाऱ्याला फोन करून भाव विचारण्याची सोय तर संदेश न मिळणाऱ्या गावांतही होतीच. ही शेवटची बाब केरळशी तुलना करताना हमखास विसरली जाते: तेथे फोन नसण्यापासून फोन असण्यापर्यंतचे अंतर मोजले गेले, येथे फोन हाती असताना आणखी एका संदेशाचे मोल.

जुलै २०२३ मध्ये नारायणगावात २० किलोच्या क्रेटला दोन हजार रुपयांहून अधिक भाव मिळाला. तेव्हा तो आकडा दोन्ही तालुक्यांत घरोघरी मोबाइलवर होता. क्रेट मात्र ज्यांचे पीक त्या वेळी शेतात उभे होते, त्यांच्याकडेच होते. सप्टेंबरपर्यंत नवी आवक सुरू झाली आणि राज्यभर टोमॅटो कोसळला.