रिकामे रकाने



गेल्या महिन्यात हापिसात एका जुन्या सिस्टिममधला डेटा नव्या डेटाबेसमध्ये हलवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. एका टेबलात एक रकाना असा होता की जिथे माहिती मिळाली नव्हती तिथे कुणीतरी फार पूर्वी सरळ शून्य भरून ठेवलेलं. आता खरं शून्य कुठलं आणि 'माहीत नाही'वालं शून्य कुठलं, हे ओळखायचं कसं? दोन रात्री त्यातच गेल्या. रकाना रिकामा सोडला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. पण रिकामा रकाना बघवत नाही माणसाला!

त्या दोन रात्री मला सारखा मेंडेलीव्ह आठवत होता. आपण सगळ्यांनी बारावीला त्याची आवर्तसारणी घोकली. कुठल्या गणात कोण, हे लक्षात राहावं म्हणून काय काय चमत्कारिक वाक्यं रचली! इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि सगळं विसरलो. पण त्या तक्त्यातली सर्वांत मोठी गोष्ट भरलेली घरं नसून रिकामी घरं आहेत, हे काही कुणी सांगितलं नव्हतं. तीच गोष्ट आज सांगावी म्हणतो.

मेंडेलीव्हच्या आधीही लोक प्रयत्न करत होतेच. जर्मनीत डोबेरायनरने 1829 साली तीन-तीन मूलद्रव्यांची त्रिकं मांडली. लिथिअमचा अणुभार 7, पोटॅशिअमचा 39, दोन्हींची सरासरी 23, आणि नेमका तोच सोडिअमचा! तिघांचे गुणही भावंडांसारखे. पण अशी त्रिकं मोजकीच सापडली, आणि तेव्हा मुळात अणुभारांवरच एकमत नव्हतं. कोणी कार्बनला 6 धरायचा, कोणी 12. हा गोंधळ मिटायला सुरुवात झाली ती 1860 सालच्या कार्ल्सरूहच्या परिषदेपासून. तिथे इटलीच्या कानिझारोने अणुभार ठरवायची पद्धत नीट मांडली. ऐकणाऱ्यांत सव्वीस वर्षांचा मेंडेलीव्ह होता, आणि पुढे त्याच शोधाचा दुसरा मानकरी ठरलेला लोथार मायरही होता.

मग आले लंडनचे न्यूलँड्स. अणुभारांच्या क्रमाने मूलद्रव्यं लिहिली तर दर आठव्याला पहिल्याचे गुण परत येतात, सा रे ग म प ध नी नंतर पुन्हा सा यावा तसे, असं त्यांनी मांडलं. 1866 साली केमिकल सोसायटीत त्यांनी हे वाचून दाखवलं तेव्हा एका प्राध्यापकांनी विचारलं की तुम्ही मूलद्रव्यं इंग्रजी मुळाक्षरांप्रमाणे लावून पाहिलीत का? सभेत झालेली ही थट्टा अगदीच वाया जाणारी होती, कारण कल्पना खरी होती. (1887 साली रॉयल सोसायटीने त्यांना डेव्ही पदक दिलं, म्हणजे एकवीस वर्षांनी!) पण न्यूलँड्सचंही एक चुकलं होतं. त्यांच्या त्या तक्त्यात एकही घर रिकामं नव्हतं. कोबाल्ट आणि निकेल एकाच घरात कोंबले होते, आणि लोखंड ऑक्सिजन-गंधकाच्या रांगेत जाऊन बसलं होतं. सगळं बसवायचंच असा हट्ट धरला की असं होतं.

आता मेंडेलीव्ह. सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात शिकवायचा आणि विद्यार्थ्यांसाठी रसायनशास्त्राचं पाठ्यपुस्तक लिहीत होता. क्लोरीनचं कुटुंब झालं, सोडिअमचं झालं, आता पुढे कोण घ्यायचं? म्हणजे अडचण होती प्रकरणं कशी लावायची ही! त्याने ही दोन कुटुंबं शेजारी ठेवून पाहिली. क्लोरीन 35.5 आणि पोटॅशिअम 39. ब्रोमीन 80 आणि रुबिडिअम 85. आयोडीन 127 आणि सीझिअम 133. एकमेकांशी काहीही साम्य नसलेली ही दोन कुटुंबं अणुभाराने मात्र सख्खे शेजारी. दिवस होता 17 फेब्रुवारी 1869 (जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे, आपला 1 मार्च). त्या दिवसांत त्याला खेड्यापाड्यातले चीजचे कारखाने बघायला जायचं होतं. त्या कामाच्या पत्राच्या पाठीवर त्याने केलेली अणुभारांची आकडेमोड आजही जपून ठेवलेली आहे. असं कागदाच्या पाठीवर गणित करणारी माणसं मला फार जवळची वाटतात.

तेव्हा 63 मूलद्रव्यं माहीत होती. मेंडेलीव्हने ती अणुभाराच्या क्रमाने लावली, पण एक पथ्य पाळलं. आकडा आणि स्वभाव यांचं भांडण झालं तर स्वभावाचं ऐकायचं. जस्त 65. त्यानंतरचं माहीत असलेलं मूलद्रव्य आर्सेनिक, 75. नुसता क्रम पाहिला तर आर्सेनिक जस्ताला लागून, म्हणजे ॲल्युमिनिअमच्या खाली यायला हवं. पण आर्सेनिक वागतं फॉस्फरससारखं. मेंडेलीव्हने त्याला दोन घरं पुढे सरकवून फॉस्फरसखाली बसवलं आणि मधली दोन घरं रिकामी ठेवली. एवढंच करून थांबला नाही. युरेनिअमचा तेव्हा धरलेला 120 हा अणुभार त्याने दुप्पट करून 240 केला, बेरिलिअमचा 14 वरून सुमारे 9 वर आणला. दोन्ही वेळा तोच बरोबर निघाला!

आणि 1871 साली त्याने रिकाम्या घरांत कोण राहायला येणार त्याचं वर्णनच छापून टाकलं. लोथार मायरच्या तक्त्यातही रिकाम्या जागा होत्या, पण इतक्या तपशिलाने बोलायचं धाडस मेंडेलीव्हचं. या न सापडलेल्या मूलद्रव्यांना त्याने नावं दिली ती आपल्या ओळखीची आहेत: एका-ॲल्युमिनिअम, एका-बोरॉन, एका-सिलिकॉन. 'एका' म्हणजे संस्कृतातला एक, म्हणजे ॲल्युमिनिअमच्या खाली एक घर. दोन घरं खाली असेल तर 'द्वि'. ज्या काळात हे घडलं त्याच काळात पीटर्सबर्गच्या अकादमीतून बोटलिंक आणि रोथ यांच्या प्रचंड संस्कृत-जर्मन कोशाचे खंड बाहेर पडत होते (1855 ते 1875), त्यामुळे तिथल्या विद्वानांना संस्कृत परकी नव्हती.

ऑगस्ट 1875. फ्रान्समध्ये लकॉक द ब्वाबोद्राँ पिरनीज पर्वतातल्या जस्ताच्या खनिजाचा वर्णपट बघत होता, त्यात त्याला दोन नव्या जांभळ्या रेषा दिसल्या. नवं मूलद्रव्य! नाव ठेवलं गॅलिअम. घनता मोजली, 4.7. मेंडेलीव्हने वाचलं आणि कळवलं की हा तर माझा एका-ॲल्युमिनिअम, पण घनता 5.9 च्या आसपास हवी, तुमचा नमुना शुद्ध नसावा. विचार करा मंडळी, ज्याने धातू हातात धरलाय त्याला, ज्याने कधी पाहिलाही नाही असा माणूस हजारो मैलांवरून सांगतोय की तुमचं मोजमाप चुकलंय. ब्वाबोद्राँने धातू पुन्हा शुद्ध करून मोजला. 5.9!

पुढे 1879 साली स्वीडनच्या निल्सनला स्कँडिअम सापडलं, ते एका-बोरॉन. 1886 साली जर्मनीत विंकलरला जर्मेनिअम सापडलं, ते एका-सिलिकॉन. मेंडेलीव्हचा अंदाज होता अणुभार 72, घनता 5.5. जर्मेनिअमचा अणुभार 72.6 आणि घनता 5.3 च्या जवळपास. पंधरा वर्षांत तिन्ही घरं भरली.

गोष्ट इथेच संपवली तर छान वाटेल. पण पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

1894 साली रॅले आणि रॅमसे यांनी हवेतून आर्गॉन वेगळा काढला. त्याच्यासाठी तक्त्यात घरच नव्हतं. मेंडेलीव्हला आधी पटेना. हा नायट्रोजनच असणार, तीन अणू एकत्र आलेला, असं त्याचं म्हणणं. पण 1895 साली रॅमसेने पृथ्वीवर हेलिअमही शोधला, मग निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन आले, आणि पाहता पाहता एक अख्खा स्तंभ उभा राहिला. दोन-चार घरं रिकामी आहेत हे ओळखणाऱ्याला अख्खी चाळच नकाशावर नाही हे दिसलं नव्हतं. पुढे त्याने तो स्तंभ मान्य केला हेही खरं.

(जाता जाता, हेलिअमवरून आठवलं. हेलिअमचा शोध विजयदुर्गावर लागला, असं आपण अभिमानाने ऐकत आलो आहोत. लॉकिअर विजयदुर्गाला आले होते हे खरंच, पण 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी. 1868 साली सूर्याच्या वर्णपटात ती पिवळी रेषा त्यांनी अभ्यासली ती इंग्लंडमधून. त्या वर्षीच्या ऑगस्टमधलं ग्रहण यान्सेन यांनी पाहिलं ते गुंटूरहून, आंध्रातून. विजयदुर्गाचं महत्त्व याने कमी होत नाही, पण 1898 च्या घरातली गोष्ट 1868 च्या घरात भरून चालणार नाही.)

त्यानंतर इलेक्ट्रॉन आला, किरणोत्सर्ग आला. मूलद्रव्याचा अणू फुटतो, एकातून दुसरं तयार होतं, हे मेंडेलीव्हला शेवटपर्यंत पटलं नाही. उलट उतारवयात त्याने ईथर नावाचं हायड्रोजनपेक्षाही हलकं मूलद्रव्य कल्पून तक्त्यात बसवलं. तसं काही नव्हतंच. ज्याने तरुणपणी घर रिकामं ठेवायचं धाडस केलं त्यानेच म्हातारपणी नको तिथे घर बांधून भरलं. 1906 साली नोबेल समितीने त्याची शिफारस केली होती, पण पारितोषिक गेलं फ्रान्सच्या म्वासाँकडे. पुढच्याच वर्षी, 1907 च्या फेब्रुवारीत, मेंडेलीव्ह गेला.

एक कोडं तसंच राहिलं होतं. टेल्युरिअम 127.6 आणि आयोडीन 126.9. अणुभाराने आयोडीन आधी यायला हवं, पण मेंडेलीव्हने स्वभावाचं ऐकून टेल्युरिअम आधी ठेवलं आणि म्हटलं की टेल्युरिअमचा अणुभार मोजण्यात चूक आहे. लोकांनी वर्षानुवर्षं मोजला, चूक सापडेना! कारण ती नव्हतीच. हे उलगडलं 1913 साली. मँचेस्टरला रदरफर्डकडे काम करणाऱ्या पंचविशीतल्या मोझलीने एकेका मूलद्रव्याचे क्ष-किरण मोजले, तर त्यांची कंप्रता एका साध्या पूर्णांकाने ठरते असं दिसलं. तो आकडा म्हणजे केंद्रकावरचा विद्युतभार, आपला अणुअंक. टेल्युरिअम 52, आयोडीन 53. आर्गॉन 18, पोटॅशिअम 19. सगळे आपापल्या जागी!

आमच्या भाषेत सांगायचं तर मेंडेलीव्हने यादी चुकीच्या रकान्यावरून लावली होती. तो रकाना खऱ्या रकान्याच्या इतका बरोबरीने चालतो की उत्तर जवळजवळ बरोबर आलं. आणि जिथे बिनसलं तिथे त्याने आकड्यापेक्षा मूलद्रव्याच्या वागणुकीवर विश्वास ठेवला म्हणून तो वाचला. टेल्युरिअमबाबत उत्तर बरोबर, कारण चूक. हे कोडिंग करणाऱ्याला नवीन नाही!

मोझलीच्या आकड्यांमुळे आता रिकामी घरंही नेमकी मोजता आली: 43, 61, 75. पण ती भरलेली बघायला तो राहिला नाही. 10 ऑगस्ट 1915 ला गॅलिपोलीच्या लढाईत गोळी लागून तो गेला. वय 27.

यातलं 43 नंबरचं घर म्हणजे मेंडेलीव्हचं एका-मँगनीज. 1908 साली एका जपानी शास्त्रज्ञाने ते भरलं, निप्पोनिअम नावाने, ते टिकलं नाही. 1925 साली जर्मनांनी 75 नंबर, म्हणजे द्वि-मँगनीज, खरोखरच शोधलं (आजचं ऱ्हेनिअम) आणि त्याबरोबर 43 ही सापडल्याचं जाहीर करून मासुरिअम नाव दिलं. तेही सिद्ध झालं नाही. शेवटी 1937 साली इटलीत पेरिए आणि सेग्रे यांना ते सापडलं ते बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमध्ये मारा झालेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात. त्याचं एकही रूप टिकाऊ नाही, सगळी किरणोत्सर्गी, म्हणून ते खाणीत सापडत नव्हतं. हेच टेक्नेशिअम. आज इस्पितळात हाडांचा स्कॅन करताना जे टोचतात त्यात हेच असतं. घरात कुणाचा तसा स्कॅन झाला असेल तर एका-मँगनीज तुमच्याही घरी येऊन गेलं आहे.

1871 ते 1937. सहासष्ट वर्षं ते घर रिकामं होतं, आणि जितक्या वेळा घाईने भरलं तितक्या वेळा पुन्हा रिकामं करावं लागलं.

असो. माझ्या त्या टेबलातली संशयास्पद शून्यं मी काढून टाकली आणि रकाने रिकामे ठेवले. साहेबांनी विचारलं, "हे असं अर्धवट का दिसतंय?" म्हटलं, "अर्धवट आहे म्हणून."

चू.भू.द्या.घ्या.