वीतभर रणगाडा

गेल्या दिवाळींत माझ्या नातवानें मातीचा किल्ला केला नाहीं. आमच्या आर्वीच्या घराच्या ओसरीवर तो प्लॅस्टिकचा एक रणगाडा जुळवीत बसला होता. माझ्यासारख्या जुन्या शिक्षकाच्या मनांत लगेच प्रश्न उभा राहिला: ज्या जिल्ह्यांत सेवाग्राम आहे, तेथील मुलाच्या हातीं हें संहाराचें यंत्र खेळणें म्हणून द्यावें काय? उत्तर शोधतांना इतिहासाचीं कांहीं पानें उलटावीं लागलीं. तींच आज आपणांपुढें ठेवतों.

रणगाडा प्रथम युद्धांत उतरला तो १५ सप्टेंबर १९१६ रोजीं, फ्रान्समधील सोम नदीच्या परिसरांत. यंत्र गुप्त राहावें म्हणून इंग्रजांनीं त्याला ‘टँक’, म्हणजे पाण्याची टांकी, असें फसवें नांव दिलें. त्या मानानें आपला ‘रणगाडा’ हा शब्द अधिक प्रामाणिक. त्या पहिल्या गाड्यांच्या रंगाची योजना सॉलोमन जोसेफ सॉलोमन या नामांकित चित्रकारानें केली होती. गाडी भोंवतालच्या भूमीशीं एकरूप दिसावी, हा त्या रंगांचा हेतु. पण रणांगणावरील चिखलानें लौकरच सर्वांना एकच रंग दिला.

प्रतिकृतींच्या धंद्याचा इतिहासहि मौजेचा आहे. जपानांतील शिझुओका येथील तामिया ही पेढी आरंभीं लांकडाचा व्यापार करी. पुढें ती लांकडाच्या व नंतर प्लॅस्टिकच्या प्रतिकृति करूं लागली. १९६१ च्या सुमारास तिनें जर्मन ‘पँथर’ रणगाड्याची प्रतिकृति काढली. आंत बॅटरी व मोटार मावावी एवढा तिचा आकार ठेवला. मागाहून मोजलें तों तो मूळ गाडीच्या सुमारें पस्तिसाव्या हिश्श्याचा भरला! आज जगभर रूढ असलेलें १:३५ हें प्रमाण असें बॅटरीनें ठरविलें आहे.

नातवाची प्रतिकृति ‘सेंच्युरियन’ रणगाड्याची. सुमारें ५० टनांचें तें धूड या प्रमाणांत वीतभर होतें. चौकटीवरून सुटे भाग कापावयाचे, कानशीनें घासावयाचे, प्लॅस्टिक किंचित् विरघळविणाऱ्या द्रवानें सांधावयाचे. मग अस्तराचा रंग, त्यावर मुख्य रंग, आणि शेवटीं खांचांतून पातळ काळसर रंग व चाकांवर धूळ. नातवाला मात्र गाडी लखलखीत हवी होती. तेव्हां मीं विचारलें, “बाळा, ही गाडी कोणत्या लढाईंतून आली आहे?”

त्याला तें सांगतां येईना, मींच सांगितलें. सप्टेंबर १९६५ मध्यें सियालकोट आघाडीवर पूना हॉर्स या जुन्या रिसाल्याचे सेंच्युरियन रणगाडे लढले. त्यांचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बर्झोरजी तारापोर हे जन्मानें मुंबईचे. शाळेचें शिक्षण पुण्याचें. ११ सप्टेंबर रोजीं फिलोराच्या लढाईंत ते जखमी झाले, तरीहि त्यांनीं मागें जाण्याचें नाकारलें. १६ सप्टेंबर रोजीं बुतूर डोग्रांदी येथें त्यांच्या रणगाड्यावर गोळे आदळले व त्यांना वीरमरण आलें. वय अवघें ४२ वर्षांचें. सरकारनें त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र दिलें.

नातवानें ब्रश खालीं ठेवला. “आजोबा, आंत किती माणसें बसत?”

“चार.”

तो बराच वेळ त्या वीतभर गाडीच्या झांकणाकडे पाहत राहिला. मग मुकाट्यानें त्यानें चाकांवर धूळ चढविली. आणि एका बाजूवर, न सांगतां, गोळा लागल्याची खूणहि केली.

माझ्या प्रश्नाचें उत्तर पूर्ण मिळालें, असें म्हणवत नाहीं. पण मुलाच्या हातून तें खेळणें काढून घेतलें असतें, तर त्यानें तो शेवटचा प्रश्न विचारलाच नसता, एवढें खरें. अहिल्यानगर येथें १९९४ पासून रणगाड्यांचें संग्रहालय आहे. अनेक देशांच्या गाड्या तेथें जवळून पाहावयास मिळतात. येत्या सुटींत आम्ही दोघे तिकडे जाणार आहोंत. आणि पुढच्या दिवाळींत किल्ला करावयाचा, असाहि आमचा करार झाला आहे. माती मीं आणावयाची आहे.