यहूदा राज्याचा अस्त व राजनिष्ठेचा प्रश्न

यहूदा हे प्राचीन इझ्राएली लोकांचे दक्षिणेकडील राज्य. इ. स. पू. ७२२ च्या सुमारास ॲसिरियाने उत्तरेकडील इझ्राएलचे राज्य नष्ट केल्यावर त्यांची हीच एक राजसत्ता उरली. ॲसिरियाच्या ऱ्हासानंतर ती ईजिप्त व बॅबिलोनिया यांच्या स्पर्धेत सापडली. या काळातील निष्ठाबदलांची हकीकत जुन्या करारातील ‘२ राजे’, ‘यिर्मया’ व ‘यहेज्केल’ या पुस्तकांत आढळते.

इ. स. पू. ६०९ मध्ये मगिद्दो येथे योशिया राजा ईजिप्तचा दुसरा नेको याच्याकडून मारला गेला. नेकोने योशियाचा मुलगा यहोयाकीम यास गादीवर बसविले. इ. स. पू. ६०५ मध्ये कार्केमिश येथे ईजिप्तचा पराभव झाला व पुढे यहोयाकीम बॅबिलोनियाचा मांडलिक बनला. मात्र तीन वर्षांनी त्याने बंड केले. इ. स. पू. ५९७ मध्ये दुसऱ्या नेबुकॅड्नेझरने जेरूसलेम घेतले, यहोयाकीमचा वारस यहोयाखीन यास बंदिवान करून नेले आणि सिद्कीयाला राजा केले. बॅबिलनमध्ये सापडलेल्या मृत्पट्टिकांत यहोयाखीनला मिळणाऱ्या तेलाच्या शिध्याची नोंद आहे.

सिद्कीयाने देवाच्या नावाने घेतलेली मांडलिकत्वाची शपथ ईजिप्तच्या मदतीवर विसंबून मोडली. परक्या राजाला दिलेले वचनही देवासमक्षच दिलेले असते, म्हणून हा देवाचाच द्रोह होय, असे यहेज्केलने बजावले. बॅबिलोनियाची सत्ता ही देवाचीच योजना असल्याने तिला शरण जावे, असे यिर्मया सांगत होता. वेढ्याच्या काळात फितूर ठरवून त्यास पकडण्यात आले व पुढे चिखलाच्या टाक्यात टाकण्यात आले. तथापि त्याच वेढ्यात त्याने अनाथोथ येथील शेत विकत घेतले. या भूमीत पुन्हा घरे व शेते विकत घेतली जातील, असा त्याचा अर्थ होता.

इ. स. पू. ५८७–८६ मध्ये जेरूसलेम पडले व मंदिर जाळले गेले. सन्मानाने बॅबिलनला जाण्याची मुभा असूनही यिर्मया मिस्पा येथे बॅबिलोनियाने नेमलेल्या गदल्या या प्रशासकाजवळ राहिला. राजकुलातील इश्माएलाने गदल्याचा वध केला. सूडाच्या भीतीने उरलेले लोक यिर्मयाचा विरोध डावलून त्याच्यासह ईजिप्तला गेले.

एकेकाळी राजद्रोही ठरलेल्या यिर्मयाची वचने यहुदी लोकांनी पुढे पवित्र ग्रंथ म्हणून जतन केली. राजा, राज्य व मंदिर नष्ट झाल्यावरही देवाशी असलेला करार टिकू शकतो, ही धारणा त्यांतून बळावली. राज्यावाचून टिकून राहण्याचे सामर्थ्य यहुदी समाजाला देण्यात या धारणेचा वाटा मोठा आहे.