मालाचे छायाचित्र: एका धंद्याचा इतिहास

गिऱ्हाइकाला माल हातात न घेताही कळावा, या गरजेतून उत्पादनांच्या छायाचित्रणाचा धंदा उभा राहिला. दुकानात माणूस कपाला टिचकी मारतो, साडीचा पदर बोटांत धरून पाहतो, भांडे उचलून त्याचे वजन जोखतो. छायाचित्रात यातले काहीच करता येत नाही. वजन, पोत, झिलई, कडकपणा हे सगळे केवळ उजेड आणि सावली यांच्या आधाराने सांगावे लागते. ते सांगण्याची विद्या जमायला जवळजवळ शंभर वर्षे गेली.

या कामाचा पहिला महत्त्वाचा नमुना इंग्लंडमधल्या विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटचा. त्याचे ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हे पुस्तक 1844 ते 1846 या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झाले आणि त्यात 24 छायाचित्रे होती. तिसऱ्या चित्रात फळ्यांवर ओळीने मांडलेली चिनी मातीची भांडी आहेत, चौथ्यात काचसामान. टॅल्बटला त्यातून काही विकायचे नव्हते. भांड्यांची यादी लिहून काढायला जेवढा वेळ लागेल, त्याहून फारसा जास्त वेळ न घेता सगळा संग्रह कागदावर उतरतो, आणि उद्या चोरी झालीच तर हे चित्र न्यायालयात पुरावा म्हणून दाखवता येईल, असे त्याचे म्हणणे. वस्तूच्या छायाचित्राची पहिली उपयुक्तता अशी नोंद आणि साक्ष या स्वरूपाची होती.

त्याच पुस्तकात टॅल्बटने एक व्यावहारिक अडचण नोंदवली आहे. पांढरी चिनी मातीची भांडी आणि काच एकाच चित्रात नीट येत नाहीत. भांडी इतकी उजळ असतात, की त्यांचे चित्र पुरे होते तेव्हा काचेचे जेमतेम सुरू झालेले असते. प्रत्येक पदार्थ प्रकाशाशी वेगळा वागतो आणि म्हणून प्रत्येकाला वेगळा उजेड द्यावा लागतो, हे या व्यवसायाचे मूलतत्त्व इतक्या लवकर कोणीतरी लिहून ठेवले होते, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

1851 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये भरलेल्या महाप्रदर्शनाने छायाचित्रकाराला कारखान्याच्या मालासमोर उभे केले. परीक्षकांचे अहवाल पुढच्या वर्षी चार खंडांत निघाले. त्यांत ह्यू ओवेन आणि क्लोद-मारी फेरिए यांनी टिपलेली दीडशेहून अधिक छायाचित्रे होती. यंत्रे, मूर्ती, भांडी असा जगभरचा माल त्यांत दिसतो. मात्र त्या काळी छायाचित्र शाईने छापता येत नसे. प्रत्येक प्रतीसाठी प्रत्येक चित्राचा स्वतंत्र प्रिंट काढून तो पानावर चिकटवावा लागे. एवढा खर्च सरकारी अहवालाला परवडला. दुकानदाराच्या सूचीपत्राला तो परवडणे शक्य नव्हते.

त्यामुळे पुढची तीसेक वर्षे मालाची चित्रे लाकडाच्या ठोकळ्यांवर कोरणाऱ्या कारागिरांकडेच राहिली. अमेरिकेत माँटगोमेरी वॉर्डने 1872 मध्ये टपालाने माल विकायला सुरुवात केली, आणि अशा व्यापाऱ्यांची सूचीपत्रे वाढत गेली तेव्हा त्यांतली घड्याळे, नांगर, शिवणयंत्रे कोरीव रेषांनी काढलेली असत. कोरणारा माणूस कडा ठळक करी, डाग गाळी, नको ते वगळी. त्यात गिऱ्हाइकाला वस्तूची रचना फार चांगली समजे, हे मान्य करायला हवे. पण ते चित्र वस्तूचे असले तरी वस्तूकडून आलेले नव्हते.

हा तिढा सोडवला हाफटोन ठशाने. छायाचित्रातल्या करड्या छटा लहानमोठ्या ठिपक्यांत फोडल्या, की धातूच्या ब्लॉकवरून मजकुराबरोबरच चित्रही छापता येते. म्युनिकच्या गेओर्ग माइझेनबाखने 1882 मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले आणि पुढच्या दशकात काचेच्या बारीक जाळ्यांमुळे ती धंद्याच्या उपयोगाची झाली. भारतात कोलकात्याचे उपेंद्रकिशोर राय चौधुरी यांनी या तंत्रावर स्वतंत्र संशोधन केले आणि त्यांचे लेख इंग्लंडमधल्या ‘पेनरोझ’ वार्षिकात छापून आले. महाराष्ट्रात दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी छायाचित्रण आणि ब्लॉकमेकिंगच्याच धंद्यात होते. किर्लोस्करवाडीहून 1920 मध्ये निघालेले ‘किर्लोस्कर खबर’ सुरुवातीला कारखान्याचे मुखपत्र होते. नांगर आणि चरक बनवणाऱ्या कारखान्याला आपल्या गिऱ्हाइकांशी छापील पानावरून बोलावेसे वाटले, आणि त्यातूनच पुढे मराठीतले एक मोठे मासिक उभे राहिले.

छपाई सुटली तरी रंगाची अडचण शिल्लक होती. कॅमेऱ्यात चित्र उमटवणाऱ्या सुरुवातीच्या काचा निळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत. निळे वेष्टन चित्रात पांढुरके येई आणि लाल वेष्टन काळेठिक्कर. हेर्मान फोगेलने 1873 मध्ये काचेवरच्या लेपात रंगद्रव्य मिसळून इतर रंगांची संवेदनशीलता वाढवता येते हे दाखवले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सगळे रंग योग्य छटांत उतरवणाऱ्या पँक्रोमॅटिक काचा बाजारात आल्या. लाल डब्यात माल विकणाऱ्या कंपनीसाठी ही सुधारणा किती मोलाची होती, हे वेगळे सांगायला नको.

1920 च्या दशकात मात्र या कामाचा दर्जाच बदलला. न्यूयॉर्कमध्ये क्लॅरेन्स व्हाइटच्या शाळेत छायाचित्रकारांना मांडणी, आकार आणि रचना यांचे शिक्षण मिळत होते. तिथे शिकलेल्या पॉल आउटरब्रिजने 1922 मध्ये शर्टाच्या कॉलरची जाहिरात केली. बुद्धिबळाच्या पटासारख्या काळ्यापांढऱ्या चौकटींवर एक सुटी, कडक, पांढरी कॉलर ठेवलेली. बाकी काही नाही. ‘व्हॅनिटी फेअर’मध्ये छापलेले हे चित्र आज कलेच्या इतिहासात गणले जाते. त्याच शाळेत शिकवणाऱ्या मार्गारेट वॉटकिन्सने स्वयंपाकघरातल्या मोरीतली भांडी टिपली आणि तीच नजर जाहिरातींच्या कामात वापरली.

एडवर्ड स्टाइकनचे उदाहरण त्याहून बोलके आहे. पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये राहत असताना त्याने एका पांढऱ्या कपबशीची छायाचित्रे पुन्हा पुन्हा काढली. त्याच्या सांगण्याप्रमाणे ती हजाराच्या वर गेली. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या सगळ्या छटा हुकमी काबूत आणणे हाच त्यामागचा हेतू. 1923 मध्ये तो काँदे नास्त प्रकाशनाचा प्रमुख छायाचित्रकार झाला आणि त्याच सुमारास जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरातसंस्थेचे कामही त्याने घेतले. 1928 मध्ये त्याने टिपलेल्या डग्लस लायटरच्या चित्रात लायटरइतकेच त्यांच्या लांब, टोकदार सावल्यांना महत्त्व आहे. चित्रकलेतून आलेल्या माणसाने सिगारेट पेटवायच्या वस्तूवर एवढी ताकद लावावी, हे त्याच्या अनेक समकालीनांना रुचले नाही. पण त्या कपबशीचा रियाझ पाहिला, की त्याने हे काम कमी प्रतीचे मानले नव्हते, हे स्पष्ट होते.

युरोपात हीच दृष्टी अधिक कोरडी आणि नेमकी झाली. आल्बर्ट रेंगर-पाच्शने कारखान्याचे काचसामान आणि यंत्रभाग कोणतीही सजावट न करता टिपले. हान्स फिन्सलरने जर्मनीत हाले इथे आणि नंतर झुरिकमध्ये वस्तुचित्रण हा रीतसर शिकवण्याचा विषय केला. प्राग शहरात योसेफ सुदेकने लाडिस्लाव सुत्नारने घडवलेल्या चहाच्या भांड्यांची जाहिरातचित्रे काढली.

या पिढीने बसवलेली तंत्रे आजही स्टुडिओत चालतात. काचेची बाटली घ्यावी. समोरून दिवा लावला तर काचेवर दिव्याचेच पांढरे ठिपके उमटतात आणि बाटलीची कड पार्श्वभूमीत विरून जाते. म्हणून उजेड मागून देतात, तोही ट्रेसिंग पेपरमधून गाळून. बाटलीच्या दोन्ही बाजूंना, चौकटीच्या जरा बाहेर, काळे पुठ्ठे उभे करतात. काचेच्या कडा त्या काळ्याचे प्रतिबिंब घेतात आणि बाटलीभोवती नेमकी रेघ उमटते. आतले सरबत मळकट दिसत असेल तर बाटलीच्या आकाराचा चंदेरी कागद कापून मागे तिरका ठेवतात. तो प्रकाश आतून फेकतो आणि सरबताला रंग चढतो. बाहेर दिसणारे थंडगार थेंब बहुधा पाण्यात ग्लिसरीन मिसळून फवारलेले असतात, कारण साधे पाणी दिव्यांखाली टिकत नाही.

चांदीची किंवा स्टीलची भांडी याच्या उलट. त्यांना स्वतःचा रंग जवळपास नसतोच. समोर जे असेल ते त्यांच्यात दिसते. कॅमेरा, तिवई, छत, छायाचित्रकाराचा सदरा, सगळे तांब्याच्या पोटावर वाकडेतिकडे उमटते. उपाय म्हणून भांड्याभोवती पांढऱ्या कापडाचा तंबू उभारून भिंगापुरती फट ठेवतात. तेवढ्यावर थांबले तर भांडे सपाट आणि निर्जीव दिसते, तेव्हा तंबूच्या आत काळ्या पट्ट्या लावून गोलाई परत आणावी लागते. कापडाचे विणकाम दिसण्यासाठी उजेड अगदी आडवा लागतो. पैठणीच्या काठावरची जर मात्र मोठ्या, मऊ प्रकाशाशिवाय उजळत नाही, आणि दोन्ही गोष्टी एका चित्रात हव्या असतील तर अर्धा दिवस दिवे हलवण्यात जातो. गिऱ्हाइकाला न दिसणारे हेच श्रम या धंद्याच्या मेहनतान्यात धरलेले असतात.

कॅमेऱ्यानेही साथ दिली. भिंग आणि फिल्म यांचे प्रतल स्वतंत्रपणे तिरके करता आले, की टेबलावर मागेपुढे मांडलेल्या वस्तू एकाच वेळी स्पष्ट येतात. हे तत्त्व ऑस्ट्रियन सैन्यातल्या थेओडोर शाइमप्फ्लुगच्या नावाने ओळखले जाते. स्विस बनावटीचा सिनार हा 1940 च्या दशकाअखेर आलेला कॅमेरा त्यावर चालणारा, जगभरच्या स्टुडिओंमधला मानाचा कॅमेरा ठरला. 1935 च्या कोडाक्रोमने रंगीत फिल्म सोपी केली. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशमुळे तापलेल्या दिव्यांखाली आइस्क्रीम वितळण्याची पंचाईत कमी झाली.

मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये 1935 साली व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला आणि जाहिरातीचे काम हा शिकून करण्याचा पेशा बनला. स्वातंत्र्यानंतर कारखानदारी वाढली, तेव्हा मित्तर बेदी यांनी मुंबईत राहून देशातले पोलाद, रसायने आणि यंत्रनिर्मितीचे प्रकल्प टिपले. औद्योगिक छायाचित्रणाला भारतात प्रतिष्ठा मिळाली ती प्रामुख्याने त्यांच्यामुळे.

कौशल्य वाढले तशी फसवणुकीची शक्यताही वाढली. अमेरिकेत कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या जाहिरातीत वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या टाकल्या होत्या. भाज्यांचे तुकडे बुडू नयेत, वर दिसावेत आणि सूप दाट वाटावे, एवढ्यासाठी. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने आक्षेप घेतला आणि 1970 मध्ये कंपनीला अशा जाहिराती थांबवण्याचे मान्य करावे लागले. काळा पुठ्ठा लावून बाटलीची कड दाखवणे आणि गोट्या टाकून नसलेला ऐवज दाखवणे यांतला फरक तंत्राचा नाही, सचोटीचा आहे. पहिल्यात असलेला गुण दिसतो, दुसऱ्यात नसलेला गुण विकला जातो.

गेल्या वीस वर्षांत या धंद्याचा पायाच हलला. आयकिया या स्वीडिश कंपनीच्या सूचीपत्रासाठी 2006 मध्ये ‘बर्टिल’ नावाची एक खुर्ची संपूर्णपणे संगणकावर रचण्यात आली. 2014 पर्यंत कंपनीच्या उत्पादनचित्रांपैकी सुमारे तीन चतुर्थांश चित्रे संगणकनिर्मित होती. सुरुवातीची चित्रे कृत्रिम वाटत, म्हणून कंपनीने संगणक-कलाकारांना छायाचित्रण शिकवले आणि छायाचित्रकारांना संगणक. उजेड लाकडावर कसा पडतो हे ठाऊक असलेल्या माणसाशिवाय यंत्रालाही खरी खुर्ची काढता आली नाही. 1951 पासून निघणारे ते छापील सूचीपत्र बंद करण्याचा निर्णय 2020 मध्ये जाहीर झाला.

ऑनलाइन बाजाराने चित्राचा साचाही ठरवून टाकला. ॲमेझॉनवर मुख्य चित्राची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी असावी लागते आणि वस्तूने चौकटीचा 85 टक्के भाग व्यापावा लागतो. घरगुती लोणची विकणाऱ्या बचतगटालाही तोच नियम आणि बड्या कंपनीलाही तोच. भारतात 2020 च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार जाहिरात मालाच्या प्रत्यक्ष गुणधर्मांशी जुळणारी असणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे, आणि जाहिरातीत दाखवलेल्यापेक्षा माल वेगळा निघाला तर तो परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही.