पाणी राखावे, पाणी वाटावे

२००२ साली डॉ. विश्वास येवले यांनी आळंदी ते पंढरपूर जलदिंडी सुरू केली. नावेने जाणारी ही वारी नदी राखावयास सांगते. ह्या उत्सवाचे आम्ही स्वागतच करतो. परंतु पुण्याचा इतिहास आणखी एक गोष्ट शिकवितो. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचे पाणी भुयारी नळातून शहरातील हौदांत आणले. पण अस्पृश्यांना सार्वजनिक हौदांवर मज्जाव होता. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद त्यांना खुला केला. पाणी आणणे ही कारागिरी. वाटणे हा धर्म! जे पाणी सर्वांचे नाही, ते राखावयास सर्वांनी का यावे? म्हणून नदीची आरती करण्यापूर्वी, गटारे उपसणाऱ्यांच्या घरी नळ पोहोचला काय, हे आपण विचारले पाहिजे.