अर्धा तोळा प्राणवायू

सोमवार, १७ मे २०२१. पहाटे चारच्या सुमारास देवगडमधल्या आमच्या घरातलं प्रवाळांचं मत्स्यालय कोलमडलं. बाहेर तौक्ते चक्रीवादळ उत्तरेकडे सरकत होतं. समुद्राची गाज घरात बसूनही छातीत जाणवत होती, आणि काचेच्या टाकीतलं पाणी मात्र स्तब्ध होतं. ते हललं नाही, म्हणून मासे गेले.

मी रोजची नोंदवही ठेवतो. तिच्यातल्या वेळा आणि आठवणी जुळवून हा घटनाक्रम लिहितो आहे. किनाऱ्यावर ज्यांच्या घरी अशी टाकी आहे त्यांनी तो वाचावा. चूक एका रात्रीत झालेली नाही, ती आधीपासून होत आली होती.

चार महिने आधी : जानेवारी

टाकी सहा फूट लांब, दोन फूट रुंद, अडीच फूट उंच. खालच्या फिल्टरच्या टाकीसह साधारण ९०० लिटर पाणी. आतले खडक मी घरीच केले होते. सिमेंटमध्ये शिंपल्यांचा चुरा आणि जाडं मीठ कालवून गोळे घातले, सुकल्यावर कित्येक आठवडे पाण्यात बुडवून ठेवले. मीठ विरघळतं, त्या जागी भोकं राहतात आणि त्या भोकांत पाणी शुद्ध करणारे जिवाणू वस्ती करतात. समुद्रातून प्रवाळाचा दगड उचलून आणला नाही. खडक बांधणारी कठीण प्रवाळं आणि समुद्रपंखे यांना २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १चं, म्हणजे वाघाइतकं, संरक्षण आहे. म्हणून टाकीत फक्त मऊ प्रवाळं होती : लेदर, मशरूम आणि झोअँथिडची चटई. त्यांच्यासोबत एक समुद्रफूल, हॅचरीत वाढलेली क्लाऊनफिशची जोडी, एक निळा टँग, पाच डॅमसेल आणि एक स्वच्छक कोळंबी.

त्या महिन्यात माझ्याकडे थोडे पैसे होते. इन्व्हर्टरची बॅटरी चार वर्षांची झाली होती, पाण्याची खूण तांबड्यावर आली होती. शिवाय बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घ्यायचा खूप दिवस मनात होता. मी नवे दिवे घेतले. प्रवाळांचे रंग त्या दिव्यांखाली फार सुंदर दिसत.

५७ तास आधी : शुक्रवार, १४ मे, संध्याकाळी ७

अक्षय तृतीया. घरात आमरस होता, बागेत शेवटच्या काढणीचा हापूस अजून झाडावर होता. लक्षद्वीपजवळ कमी दाबाचा पट्टा तीव्र होत असल्याचं बातम्यांत सांगत होते. वादळाचं नाव म्यानमारने सुचवलेलं, तौक्ते. त्या भाषेत तो पालीचा एक प्रकार.

टाकीचं तापमान २६ अंश, क्षारता ३५, सगळं जागच्या जागी. वहीत लिहिलं : उत्तम.

४२ तास आधी : शनिवार, १५ मे, सकाळी १०

बंदरात होड्या आत घेण्याची धावपळ सुरू झाली होती. आमच्या वाडीतल्या अण्णांनी होडी दोन दोरांनी जास्तीची बांधली, इंजिनाची बॅटरी सोडवून खांद्यावर घरी आणली. माझ्या टाकीसाठी पाच वावांच्या बाहेरचं स्वच्छ पाणी तेच कॅन भरभरून आणून देत. पावसाळ्यात खाडीचं गढूळ, गोडं पाणी मिसळतं, म्हणून मेअखेरीस मी सहा कॅन भरून ठेवतो. ते भरलेले होते.

मीही तयारी केली. खिडक्यांना फळ्या ठोकल्या, टाकीच्या चौकटीला आधार दिला, काचेभोवती गोधड्या गुंडाळल्या. जोराने येणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा विचार केला. थांबणाऱ्या गोष्टीचा विचार मनात आला नाही.

३४ तास आधी : शनिवार, संध्याकाळी ६

दोन दिवस लक्ष देता येणार नाही, म्हणून माशांना दुप्पट खायला घातलं. अगदी उलट करायला हवं होतं. पोट भरलेला मासा जास्त प्राणवायू घेतो, उरलेलं अन्न कुजताना जिवाणू आणखी घेतात. वादळ येणार असेल तर आदल्या दिवशी उपास घडवायचा असतो. निरोगी मासा चार-पाच दिवस सहज उपाशी राहतो.

२१ तास आधी : रविवार, १६ मे, सकाळी ७

पहाटे तौक्ते अतितीव्र झालं होतं आणि गोव्याच्या किनाऱ्याला समांतर वर सरकत होतं. माडांचे शेंडे एका दिशेला लोळले होते. आंब्याच्या बागेतून सतत धप, धप असा आवाज येत होता. झाडावर राहिलेलं पीक जमिनीवर पडत होतं.

१८ तास आधी : सकाळी १०

वीज गेली. इन्व्हर्टरने भार घेतला. चिलर आणि दिवे बंद पडले, पाणी हलवणारी दोन लाटयंत्रं चालू राहिली.

इथे थोडं गणित सांगायला हवं. २६ अंशाच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो. म्हणजे माझ्या ९०० लिटरमध्ये सगळा मिळून सहा ग्रॅमही नाही. जुन्या मापाने अर्धा तोळा. खोलीतल्या हवेत लिटरमागे त्याच्या चाळीसपट प्राणवायू असतो, पण तो पाण्यात शिरतो फक्त पृष्ठभागावरून, आणि पृष्ठभाग हलता राहिला तरच भरभर शिरतो. लाटयंत्र हे त्या टाकीचं फुप्फुस आहे.

प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात. उजेडात ती प्राणवायू सोडतात, अंधारात सगळ्यांसारखीच घेतात. दिवे गेले त्या क्षणी, सकाळी दहालाच, टाकीत रात्र सुरू झाली.

त्या महिन्यात करोनाच्या साथीत देशभर प्राणवायूवाचून माणसं जात होती. तो शब्द दिवसातून वीस वेळा कानावर पडत होता. तरी तो माझ्या घरातल्या काचेला जोडून पाहायचं मला सुचलं नाही.

१२ तास आधी : दुपारी ४

छपराची सात-आठ कौलं उडाली. पावसाचं पाणी थेट टाकीत पडू लागलं. गोडं पाणी मिसळून क्षारता उतरली तर प्रवाळं टिकत नाहीत, एवढंच डोक्यात होतं. मी ताडपत्री आणली, टाकीवर टाकली आणि चारी बाजूंनी सुतळीने आवळून बांधली. गाठ पक्की बसली याचं मला समाधान वाटलं.

टाकीचं तोंड मी माझ्या हातांनी बांधलं होतं.

साडेनऊ तास आधी : संध्याकाळी ६.३०

इन्व्हर्टरने शिट्टी दिली आणि तो बंद पडला. घरातले दोन पंखे, दिवे, फोनचे चार्जर त्याच बॅटरीवर होते. ते वेळीच काढले असते तरी चार तास वाढले असते.

जामसंड्याला एकाकडे जनरेटर आहे हे माहीत होतं. रस्त्यावर आंब्याचं झाड आणि विजेचा खांब एकमेकांवर पडले होते. कोपऱ्यावरून परत फिरलो.

सहा तास आधी : रात्री १०

मी होडीचं जुनं वल्हं घेऊन पाणी ढवळत होतो. ताडपत्रीचा एक कोपरा उचलायचा, शंभर वेळा ढवळायचं, पुन्हा झाकायचं. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. त्यावर भर समुद्रात प्रवाळं आहेत. तिथलं पाणी कधीच थांबत नाही, हजारो वर्षांत एक तासही थांबलेलं नाही. तेच काम मी एका वल्ह्याने करू पाहत होतो.

टॉर्चच्या उजेडात लेदर प्रवाळाने सगळी बोटं आत ओढून घेतलेली दिसली. दोन रात्रींचं जागरण होतं. बाराच्या सुमारास भिंतीला टेकलो आणि डोळा लागला.

दोन तास आधी : रात्री २

आईने हलवून उठवलं. "बाबू, उठ रे. माशे वर इलेत."

ताडपत्री कापली. सगळे मासे पृष्ठभागाला तोंडं लावून होते. निळा टँग इतका फिका पडला होता की आधी मी त्याला ओळखलंच नाही. कोळंबी काच चढून पाण्याच्या रेषेवर आली होती. मी बादलीने पाणी उचलून उंचावरून ओतू लागलो. दहा लिटर उचलायचे, दहा लिटर ओतायचे. ९०० लिटरच्या टाकीत तेवढ्याने काही फरक पडत नाही, हे हाताला आधी कळलं.

आई थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "सगळो समुद्र तू ढवळतलंस काय? एकटो तरी माका बादलीत घालून दी."

४५ मिनिटं आधी : पहाटे ३.१५

क्लाऊनफिशच्या जोडीतला लहान, म्हणजे नर, समुद्रफुलाच्या कडेला होता. तोच जाळीत आला. कॅनमधलं राखीव पाणी बादलीत घेतलं आणि त्याला त्यात सोडलं. आई पाटावर बसली. तांब्या भरायचा, हातभर वर न्यायचा, बारीक धारेने सोडायचा. पंधरा लिटर पाणी एका माणसाला जिवंत ठेवता येतं. मला हे आधी सुचायला हवं होतं. घरात चार बादल्या होत्या.

शून्य : पहाटे ४

टँग आडवा झाला. टँग प्रवाहात सतत पोहणारा मासा, त्याला प्राणवायू सर्वांत जास्त लागतो. त्याच्यामागून डॅमसेल गेले. क्लाऊनफिशची मोठी मादी शेवटपर्यंत समुद्रफुलापाशीच राहिली. साडेचारला टाकीत हालचाल उरली नव्हती. आईचा तांब्या चालू होता.

दोन तासांनंतर : सकाळी ६

वाडीत माणसं बाहेर पडू लागली. हळूहळू कळत गेलं. बंदरात नौका दोर तुटून आपटल्या होत्या, खलाशांचे जीव गेले होते. बागा आडव्या झाल्या होत्या. या सगळ्यापुढे माझ्या टाकीचं दुःख लहान आहे, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. म्हणून कुणाला काही सांगितलं नाही.

अण्णांना आईने सांगितलं असावं. सातला ते दारात आले, खांद्यावर तीच बॅटरी. "होडी गेली," म्हणाले. "बॅटरी घराक होती. घे, तुझ्या माशांक लाव."

ती बारा व्होल्टची बॅटरी रात्रभर माझ्या घरापासून दोनशे पावलांवर होती. माझी लाटयंत्रं बारा व्होल्टवरच चालतात.

तारा जोडल्या. पाणी हललं. मेलेले मासे काढले, समुद्रफूल सडू लागलं होतं तेही काढलं, नाहीतर अमोनियाने उरलेलंही गेलं असतं. कॅनमधलं पाणी घालून एक तृतीयांश पाणी बदललं. झोअँथिड आणि मशरूम तगले. लेदरने सात दिवस अंग मिटून ठेवलं, मग वरची मेलेली साल टाकली आणि एक-एक बोट बाहेर काढलं. बादलीतला नर आईने स्वतः टाकीत सोडला.

त्यानंतर

क्लाऊनफिशमध्ये मादी गेली की नराचं काही महिन्यांत मादीत रूपांतर होतं. आमच्याकडे तसंच झालं. पुढच्या वर्षी हॅचरीतून एक पिल्लू आणलं, ते तिचा नर झालं. आता खडकाच्या कपारीत नारिंगी अंडी असतात आणि तो पंखांनी त्यांच्यावर सतत पाणी हलवत असतो.

बॅटरीवरचे दोन हवेचे पंप घेतले. वीज गेली की ते आपोआप सुरू होतात. टाकीसाठी वेगळी बॅटरी आहे, तिच्यावर घरातला एकही दिवा नाही. झाकायची वेळ आलीच तर ताडपत्रीखाली चार विटा लावून हवेला वाट ठेवायची, हे भिंतीवर लिहिलं आहे. अण्णांची नवी होडी आल्यापासून पाण्याचे कॅन पुन्हा तेच आणतात.

दर अक्षय तृतीयेला, आमरसाचं जेवण झालं की, मी मेन स्विच स्वतः बंद करतो आणि घड्याळ लावून टाकीसमोर बसतो. दिवे जातात, लाटयंत्रं थांबतात, क्षणभर पाणी आरशासारखं होतं. मग पंप घुरघुरतो आणि बुडबुडे वर येऊ लागतात. आई तरीही तांब्या घेऊन शेजारी बसलेली असते.